दुआचा स्कोअर कुणाला आठवतोय?

दुआ अल-घोबाशी हे नाव तुम्हाला चटकन आठवणार नाही, पण तिचा फोटो तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेला आहे. ७ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक, कोपाकबानाच्या वाळूवरचा बीच व्हॉलीबॉलचा सामना. जाळीच्या एका बाजूला जर्मनीची किरा वाल्केनहोर्स्ट, बिकिनीत. दुसऱ्या बाजूला इजिप्तची दुआ. लांब बाह्यांचा टी-शर्ट, घोट्यापर्यंत लेगिंग, डोक्याला काळा स्कार्फ. रॉयटर्सच्या लूसी निकल्सन यांनी टिपलेला हा फोटो दोन दिवसांत जगभर फिरला. आपल्याकडच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली लिहिलेलं होतं, ‘हमारी बहन, हया की मिसाल, शेअर करें’. दुसऱ्या प्रकारच्या ग्रुपवर तोच फोटो ‘बघा यांच्या बायकांची अवस्था’ म्हणून फिरत होता. इंग्रजी वर्तमानपत्रांना त्यात दोन संस्कृतींची टक्कर दिसली.

गेल्या काही वर्षांत हा फोटो दाखवणाऱ्या बऱ्याच जणांना मी एक साधा प्रश्न विचारला आहे. सामन्यात काय झालं? एकालाही सांगता आलं नाही. तिच्यासोबत कोण खेळत होतं? तेही नाही. बीच व्हॉलीबॉल दोघींचा खेळ आहे, एकटीने खेळताच येत नाही, तरी फोटोच्या चौकटीतून दुसरी मुलगी गायब झाली आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. तिचं नाव नदा मेआवाद. अरबीत नदा म्हणजे दव. वय तेव्हा १८. तिचेही कपडे अंगभर होते, पण डोकं उघडं होतं. म्हणजे ‘हमारी बहन’ म्हणणाऱ्यांना ती पुरेशी ‘आपली’ वाटली नाही आणि ‘यांच्या बायका’ म्हणणाऱ्यांना ती पुरेशी ‘त्यांची’ वाटली नाही. एकाच देशाच्या, एकाच संघातल्या दोन मुली, एक स्कार्फ घालते, एक घालत नाही, आणि दोघी एकमेकींना ओरडून बॉल कुणाचा ते सांगत खेळताहेत. माझ्या मते त्या संध्याकाळची खरी बातमी ही होती.

स्कोअर सांगते. जर्मनीने २१-१२, २१-१५ असा सामना जिंकला. दुआ आणि नदा त्या ऑलिम्पिकमधले तिन्ही सामने हरल्या. ज्या जर्मन जोडीशी त्या पहिल्यांदा भिडल्या, त्या लाउरा लुडविग आणि किरा वाल्केनहोर्स्ट यांनी पुढे सुवर्णपदक जिंकलं. १९ आणि १८ वर्षांच्या दोन मुली, बीच व्हॉलीबॉलमध्ये ऑलिम्पिकला गेलेली इजिप्तची पहिलीच महिला जोडी, आणि समोर होणाऱ्या विजेत्या. दुसऱ्या सेटमध्ये १५ गुण काढले, याला मी हरणं म्हणायला तयार नाही. पण हे कळायला आधी खेळ बघावा लागतो.

आणि खेळ बघण्यासारखा आहे. सहा जणींच्या व्हॉलीबॉलमध्ये बदली खेळाडू असते, दमलं की बसता येतं. इथे दोघीच. सोळा बाय आठ मीटरच्या वाळूत दोघींनीच धावायचं, दोघींनीच उडी मारायची, बदली नाही. वाळू पाय आत ओढून घेते, त्यामुळे साध्या मैदानावर जितकं उडता येतं तितकं इथे उडता येत नाही. हाताचा पंजा उघडा ठेवून बॉल हळूच पलीकडे टाकायलाही परवानगी नाही, बोटांच्या पेरांनी किंवा मुठीने मारायचा. जाळी तेवढीच उंच, २.२४ मीटर. हे सगळं भर उन्हात लांब बाह्या आणि स्कार्फमध्ये करायचं म्हणजे काय, हे आपल्यातल्या ज्या बायका मे महिन्यात बुरखा घालून एसटीच्या रांगेत उभ्या राहतात त्यांना वेगळं सांगायला नको.

दुआची गोष्ट रिओत संपली असती तर तो फोटोच तिची सगळी कमाई ठरला असता. पण आठ वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती परत आली. वय २७. या वेळी जोडीला मरवा अब्देलहादी. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी वाळू आणून केलेलं मैदान, आणि गटात पुन्हा होणारे विजेते, ब्राझीलच्या आना पात्रिसिया आणि दुदा. पुन्हा तिन्ही सामने गेले. पण मधल्या आठ वर्षांचा विचार करा. ऑलिम्पिकचं तिकीट घरी येत नाही, आफ्रिका खंडाची पात्रता जिंकावी लागते. टोकियोची संधी हुकलेली, जोडीदार बदललेली, नव्या मुलीसोबत शून्यापासून ताळमेळ बसवायचा, वय वाढत चाललेलं, आणि ज्या खेळात तुमच्या देशाकडून पदकाची अपेक्षा कुणीच करत नाही त्यासाठी रोज पहाटे उठायचं. खेळाडूचं करिअर म्हणतात ते हेच असतं. त्याचा फोटो निघत नाही म्हणून ते फॉरवर्ड होत नाही.

आता कपड्यांबद्दल. टाळता येणार नाही, कारण ज्यांनी हा विषय केला ते त्यांच्या जागी अजून बसलेले आहेत.

बीच व्हॉलीबॉलमध्ये २०१२ पर्यंत बायकांसाठी नियमच असा होता की बिकिनी किंवा एकसंध स्विमसूट घालायचा. बिकिनीची खालची पट्टी कमरेच्या बाजूला किती रुंद असावी याचंही माप ठरलेलं होतं, ७ सेंटीमीटरच्या आत. थंडी असली तरच अंगभर कपडे. लंडन ऑलिम्पिकच्या आधी, मार्च २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने बाह्यांचे टॉप आणि गुडघ्याच्या वरपर्यंतची शॉर्ट चालेल असं जाहीर केलं. म्हणजे दुआ रिओत दिसली त्याच्या चार वर्षं आधी हा दरवाजा उघडला होता. त्या उघडलेल्या दरवाजाचा फायदा फक्त मुस्लिम मुलींना झाला असं समजू नका. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुली बिकिनीच्या ऐवजी साध्या शॉर्ट घालून खेळल्या म्हणून त्यांच्या संघाला १५०० युरो दंड झाला होता. नॉर्वे! या मुलींना कुठल्या मौलवीने शॉर्ट घालायला सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की आपण काय घालून खेळायचं ते आपण ठरवावं.

तिकडे फ्रान्स. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रेंच संघातल्या कुणालाही हिजाब घालता येणार नाही. बाहेरच्या देशांच्या खेळाडूंवर ही बंदी नव्हती. त्यामुळे पॅरिसच्या वाळूवर इजिप्तची दुआ स्कार्फ घालून खेळू शकत होती आणि त्याच शहरात वाढलेली फ्रेंच मुलगी नाही. रिलेची धावपटू सुंकांबा सिल्ला हिला उद्घाटन सोहळ्यासाठी शेवटी डोक्यावर टोपी घालून तोडगा काढावा लागला. बास्केटबॉलपटू दियाबा कोनाते अमेरिकेत विद्यापीठाकडून खेळली, पण मायदेशात स्पर्धेत उतरायचं तर स्कार्फ काढ, असा नियम तिच्यासमोर होता. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, या खेळांत तिथे अगदी हौशी पातळीवरही ही बंदी आहे. दुआने पॅरिसमध्ये स्वीडनच्या एक्स्प्रेसेन या वृत्तपत्राशी बोलताना जे सांगितलं त्याचा मतलब असा होता की मला हिजाबमध्ये खेळायचंय, समोरचीला बिकिनीत, दोन्ही ठीक आहे. मी तुला हिजाब घाल म्हणत नाही, तू मला बिकिनी घाल म्हणू नकोस. हे बोलणं आपल्या ग्रुपवर आलं तेव्हा पहिलं अर्धं कापून आलं. ‘मला हिजाबमध्ये खेळायचंय’ एवढंच राहिलं. समोरचीला तिच्या कपड्यांत खेळू द्या, हे वाक्य कुणाच्या तरी बोटाने गळून पडलं.

मला तिथेच खटकतं. आपण फ्रान्सवर चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण जून २०१४ मध्ये तेहरानच्या आझादी संकुलात इराण आणि इटलीच्या पुरुषांचा व्हॉलीबॉल सामना नुसता बघायला गेलेल्या गोंचे गवामी या तरुणीला अटक झाली आणि महिनोन् महिने तुरुंगात राहावं लागलं, त्या वेळी आपल्यापैकी किती जण चिडले? खेळणं राहू द्या, बघणं. इराणमध्ये व्हॉलीबॉल अफाट लोकप्रिय आहे, त्यांचा पुरुष संघ जगातल्या भल्याभल्यांना हरवतो, आणि त्या संघाची बहीण तेव्हा गॅलरीत बसून टाळी वाजवू शकत नव्हती. स्कार्फ सक्तीने काढायला लावणं आणि सक्तीने घालायला लावणं, मला या दोघांत वजनाचा फरक करता येत नाही. मी स्वतः डोकं झाकते. माझ्या आईने झाकलं, मला आवडतं, आणि मला कुणी ते काढायला सांगितलं तर मी ऐकणार नाही. याच कारणाने मी दुसरीला घाल म्हणणार नाही.

तुर्कस्तानचं उदाहरण तर आपण जवळजवळ लपवूनच ठेवलंय. तिथल्या महिला व्हॉलीबॉल संघाला लोक प्रेमाने ‘फिलेनिन सुलतानलारी’ म्हणतात, जाळीच्या सुलताना. २०२३ मध्ये या मुलींनी आधी नेशन्स लीग जिंकली, मग सप्टेंबरमध्ये ब्रसेल्सला सर्बियाला ३-२ हरवून युरोपचं अजिंक्यपद घेतलं आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या नंबरावर बसल्या. पॅरिसला चौथ्या आल्या. मुस्लिमबहुल देशाच्या मुली जगात अव्वल, यापेक्षा मोठी फॉरवर्ड करण्यासारखी गोष्ट कोणती? एर्तुरुल मालिका बघून तुर्कस्तानच्या प्रेमात पडलेल्या आपल्या मोहल्ल्यात या मुलींचा एकही फोटो मी कुणाच्या स्टेटसला बघितला नाही. त्या शॉर्ट घालून खेळतात, एवढंच कारण. त्यांच्या देशातही हे आहेच. टोकियो ऑलिम्पिक चालू असताना तिथल्या एका प्रवचनकाराने मुस्लिम मुलींना उद्देशून लिहिलं की मैदानाची सुलताना होणं हे तुमचं काम नव्हे. एब्रार काराकुर्त या जोरदार स्मॅश मारणाऱ्या खेळाडूच्या खासगी आयुष्यावरून तर वर्षानुवर्षं मोहीम चालवली गेली, तिला संघातून काढा इथपर्यंत. ती कुणावर प्रेम करते हा तिचा आणि तिच्या रबचा मामला. मी मुफ्ती नाही आणि तिच्या सासरची माणूसही नाही. मी तिचा दहावा स्मॅश बघायला बसलेली प्रेक्षक आहे.

आपल्या सानियाचं तरी वेगळं काय झालं? २००५ मध्ये ती अठरा वर्षांची होती, जगाच्या क्रमवारीत भराभर वर चढत होती, आणि देशभर चर्चा तिच्या स्कर्टच्या लांबीची होती, एका मौलानांच्या फतव्यासकट. पुढे दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम तिने जिंकली. मध्येच लग्न झालं तर ‘तू आता कुणाची?’ हा प्रश्न आला, मूल झालं तर ‘खेळणार का?’ आला. पुरुष खेळाडूला मूल झालं की लोक पेढे मागतात.

आता कुणी म्हणेल, कपड्यांचा प्रश्न इतका क्षुल्लक आहे का? नाही. कपडा जिथे फाटकाला कुलूप म्हणून लावला जातो तिथे आधी तेच तोडावं लागतं. २०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला स्कार्फमुळे ऑलिम्पिक पात्रता सामन्यातून बाद केलं गेलं; फिफाने तो नियम २०१४ मध्ये कायमचा बदलला, बास्केटबॉलच्या महासंघाने २०१७ मध्ये. हे बदल मागणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्या संघटनांनी घडवून आणले. आपल्याकडे कर्नाटकातल्या मुलींचं २०२२ चं वर्ष फाटकाबाहेर गेलं. पॅरिस ऑलिम्पिक चालू होतं त्याच आठवड्यात, ९ ऑगस्ट २०२४ ला, मुंबईतल्या एका कॉलेजच्या हिजाबबंदीच्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ही लढाई लढायचीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की कुलूप तुटल्यावर आत मैदान असायला हवं. ते आहे का, हे आपण बघत नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. पाचवी-सहावीच्या मुली मधल्या सुट्टीत जे काही खेळतात ते बघून कुणालाही वाटेल की यांच्यातून अर्धा संघ सहज निघेल. लंगडी, खो-खो, रिंग, आणि बॉल मिळाला तर बॉल. सातवीत निम्म्या उरतात. आठवीत मैदानात मुली शोधाव्या लागतात. त्या भिंतीला टेकून, नकाब सावरत, मुलांचा खेळ बघत उभ्या असतात. अस्रनंतर मशिदीमागच्या मोकळ्या जागेत मुलांचं शूटिंग व्हॉलीबॉल रंगतं, मोठी माणसं खुर्च्या टाकून बसतात, शर्ती लागतात. त्या जागेला मुलींचा असा एकही तास नाही.

एक मुलगी होती, नाव सांगत नाही. तिची सर्व्हिस अशी यायची की मुलं बाजूला व्हायची. आठवीत तिचं खेळणं बंद झालं. तिच्या वडिलांच्या मोबाइलवर दुआचा फोटो स्टेटसला होता, पॅरिसचा. मला दाखवून म्हणाले, “आपा, हिजाब में खेली ना वो, माशाअल्लाह!” मी म्हटलं, “फिर अपनी बच्ची?” ते हसले. “वो अलग बात है आपा. बच्ची अब बडी हो गयी. लोग क्या बोलेंगे.” चांगला माणूस आहे, कष्टाळू आहे, मुलीच्या फीला कधी उशीर केला नाही. त्यांना दुआ आवडते कारण दुआ कैरोत राहते.

तिच्या आईने मात्र वेगळंच विचारलं. “मॅच कितने बजे खतम होती, आपा? लाने कौन जायेगा?” हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शाळेकडे नव्हतं. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा सकाळी लवकर सुरू होतात, हरेपर्यंत थांबावं लागतं, परत यायला मगरीब उलटून जाते. सोबत बाईमाणूस हवं. शाळेत क्रीडाशिक्षक एकच, पुरुष, त्यांच्या गळ्यात गणिताचेही तास. तालुक्याच्या क्रीडा संकुलात बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. मैदान रस्त्याला लागून, कंपाउंडची भिंत दोन ठिकाणी पडलेली, समोर पानटपरी. आईला हे सगळं माहीत असतं. ती धर्माचं नाव घेत नाही, कडीचं घेते.

धर्माचं नाव ज्यांना घ्यायचंच आहे त्यांना मी अबू दाऊद यांच्या संग्रहातल्या हदीसची आठवण देते. हजरत आयेशा यांनी प्रवासात रसूलुल्लाहांबरोबर धावण्याची शर्यत लावली आणि जिंकली. पुढे कधीतरी पुन्हा शर्यत झाली तेव्हा त्या हरल्या, आणि मागच्याची फिट्टंफाट झाली असं हसत बोलणं झालं. इज्तेमात दर वर्षी हजरत आयेशांचं ज्ञान सांगितलं जातं. शर्यत मी अजून एकदाही ऐकलेली नाही.

पालकांशी बोलताना मी आता दुसरी वाट धरते. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात हे सांगते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही चालतं, हे सांगते. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलींचे स्वतंत्र गट असतात, अंगभर ट्रॅकसूट घालून खेळलं तर तिथे कुणी हटकत नाही, हेही. गुणांचं नाव काढलं की बाप लोक खुर्ची पुढे ओढतात. थोडं हसू येतं, पण चालेल.

आणि समाजाकडे माझी मागणी आहे ती फार लहान आहे. आपल्या जमातीच्या शादीखान्याला उंच भिंतीचं आवार आहे, लग्नाचा मोसम सोडला तर ते आठवड्याचे पाच दिवस रिकामं असतं. तिथे शनिवार-रविवार सकाळी सात ते नऊ मुलींना खेळू द्या. शिकवायला एक बाई ठेवा, मानधन आम्ही शिक्षिका मिळून देऊ, हिशेब माझ्याकडे तयार आहे. दोन आयांना चहा पाजून खुर्चीवर बसवा. जुने लोखंडी खांब शाळेत पडलेले आहेत, ते मागून घेता येतील. फक्त त्या खांबांना जाळी बांधायचं एकच हूक आहे, २.४३ मीटरवर, पुरुषांच्या उंचीचं. मुलींसाठी २.२४ वर दुसरं हूक मारावं लागेल. वेल्डिंगवाल्याला विचारलंय, दोन्ही खांबांचे दोनशे रुपये म्हणतो.